रेडिओची पहिली बायको

डोंगरावर चढणाऱ्या जुन्या वाफेच्या गाडीत प्रवाशांना माहिती सांगण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे रेडिओ म्हणत. पूल कोणी बांधला, बोगदा कसा खणला, इंजिन पाणी कुठे पितं, सगळं त्याला तोंडपाठ. पण पुलाच्या कमानींत माणसाला किती वेळ रस वाटणार? डब्यात डुलक्या सुरू झाल्या की रेडिओ आपला हुकमी एक्का काढायचा. बायकोची गोष्ट.

"याच वळणावर एका मुलीची लाल छत्री वाऱ्याने उडाली. मी चालत्या गाडीतून उडी मारली. गाडी डोंगराला वळसा घालून येईपर्यंत छत्री उचलली, पायवाटेने सरळ वर चढलो आणि वरच्या रुळांवर गाडी गाठली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि..." इथे तो जरा थांबायचा, "प्यायला पाणी दिलं."

खरं म्हणजे दोघांची ओळख दातांच्या डॉक्टरकडे झाली होती. तिचा गाल सुजलेला, त्याची दाढ किडलेली. पण दाढेसाठी कोण टाळ्या वाजवणार?

इथवर एक वेळ ठीक होतं. पण एकदा कोणीतरी विचारलं, "मग आता कुठे असतात त्या?" गाडी नेमकी वरच्या स्टेशनात शिरत होती. धुक्यात एक रिकामं बाक दिसलं आणि रेडिओ बोलून गेला, "याच बाकावर आम्ही दोघं शेवटचे बसलो होतो." एक बाई डोळे पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी बायकोला जिवंत ठेवणं रेडिओच्या जिवावर आलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी वरच्या स्टेशनात वारायची आणि संध्याकाळी घरी शिलाई मशीनवर बसून विचारायची, "अहो, मला कधी नेणार तुमच्या गाडीतून?"

"सध्या धुकं आहे गं." पुढच्या महिन्यात गर्दी असायची. त्यानंतर डोळ्यांत कोळशाची कणी जायची भीती, आणि शिवणारीला डोळे जपायला हवेत. कारणं संपली की पुन्हा धुकं पडायचं.

दर हंगामात एक निवृत्त शिक्षिका या गाडीने वर जायच्या. रेडिओची गोष्ट ऐकून त्यांचं मन कळवळलं होतं. "आता तुम्हाला कोण विणून देणार?" म्हणत त्या दरवर्षी एक मफलर आणायच्या. रेडिओ तो घरी बायकोच्या हातात ठेवायचा आणि ऑफिसने दिला म्हणून सांगायचा.

एका सकाळी तो माइक पुसत डब्यात शिरला, तर खिडकीशी साक्षात बायको. गळ्यात राखाडी मफलर. आणि शेजारी शिक्षिका!

"गार्डभावजींनी बसवलं," बायको म्हणाली. "म्हणाले, वहिनी, हा माणूस तुम्हाला या जन्मी काही नेत नाही."

गार्डचा डबा शेवटी. तिथे माइकचा आवाज पोहोचत नसे. त्यामुळे आपण काय करून ठेवलंय याचा त्या भल्या माणसाला पत्ता नव्हता. रेडिओने मात्र ओळखलं. आज ही ऐकणार, आणि आपली धडगत नाही.

पूल झाला, बोगदा झाला. छत्रीचं वळण आलं तसा तो कमानीच्या दगडांवर इतका बोलला, की दगडही कंटाळले असते. शेवटी शिक्षिकांना राहवेना.

"अहो, छत्रीची गोष्ट राहिली!" मग त्या शेजारणीकडे वळल्या. "ऐकाच तुम्ही. यांच्या मंडळींची आहे. फार गुणी होती बिचारी."

"होती?" बायको म्हणाली.

तेवढ्यात शिक्षिकांची नजर मफलरवर गेली. "हा तर मी विणलाय! तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

इंजिनाने शीळ घातली. आणखी एक बोगदा असता तर बरं झालं असतं, असं रेडिओला वाटलं.

"दुसरी?" शिक्षिकांनी हळूच विचारलं.

बायकोने रेडिओकडे पाहिलं. हातात माइक, तोंड उघडं, आवाज नाही. लग्नापासून पहिल्यांदाच बंद पडला होता.

"हो," ती म्हणाली. "दुसरी."

शिक्षिकांनी तिचा हात हातात घेतला. "मन मोठं ठेवा हो. पहिलीला विसरणं यांना जमायचं नाही." आणि छत्रीपासून बाकापर्यंतची सगळी गोष्ट त्यांनी स्वतःच ऐकवली.

वरच्या स्टेशनात इंजिन पाणी प्यायला गेलं. बायको थेट त्या बाकावर जाऊन बसली. रेडिओ समोर उभा.

"कशाने गेले मी?"

"न्यूमोनियाने."

"डॉक्टर नाही बोलावलात?"

"बोलावला होता. उशीर झाला. धुकं होतं."

"बरं सापडतं तुम्हाला धुकं!" ती खळखळून हसली. मग मफलरचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मारलंत ते मारलंत. पण तिला रोज गाडीत बसवलंत. मी एवढी जिवंत, मला एकदाही नाही."

रेडिओने आरडाओरड्याची तयारी ठेवली होती, याची नव्हती. तो तिच्या शेजारी बसला. बाक थंडगार होतं.

परतीला त्याने तिला पुढची, दरीच्या बाजूची खिडकी दिली. छत्रीचं वळण आलं. डबा वाट पाहत होता. शिक्षिकाही चष्मा पुसून तयार. रेडिओने माइक तोंडाजवळ नेला, थांबला, आणि तो बायकोच्या हातात दिला. आजवर त्याने कोणाला माइकला हातही लावू दिला नव्हता.

तिने आधी फुंकर मारून पाहिली.

"मंडळी, यांची पहिली बायको ती मीच. दुसरीही मीच. छत्री वगैरे काही नव्हती. सुजलेला गाल होता. यांना आधी गाल दिसला, मी मागाहून."

डबा हसून लोळला. शिक्षिका तेवढ्या हसल्या नाहीत.

"म्हणजे माझे मफलर फुकट गेले!"

"छे हो! हा माझ्या गळ्यात. बाकीचे यांच्या गुडघ्यांना."

शिक्षिका पुढच्या पुलापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी वळून रेडिओच्या गुडघ्याला वीत लावून माप घेतलं. "गुडघ्यांना बांधायचं होतं तर आधी सांगायचं. वेगळं विणलं असतं."

माइक मात्र रेडिओला खालच्या स्टेशनापर्यंत परत मिळाला नाही. खिडकीतून दिसेल ते बायको डब्याला दाखवत होती. "ती बघा शेळी! आणि त्या घराचे पडदे बघा, कोणी शिवलेत कोण जाणे, एक बाजू आखूड आहे."

डब्यात एकालाही डुलकी लागली नाही.