बाबांचं गुलाबी मीठ

चेन्नईच्या एप्रिलमध्ये मी वर्गात स्वेटर घालून बसायचे. पंख्याखालचा बाक नको म्हणून बाईंकडे कोपऱ्यातला मागून घ्यायचे. बाकीच्या मुली घामानं निथळत असायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मी तेव्हा सातवीत होते आणि दिसायला चौथीतली.

आम्ही मूळचे सांगलीचे. बाबांना इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि आई, बाबा आणि मी वेलचेरी भागात एका मोठ्या सोसायटीत राहायला आलो. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मी नव्या शाळेत रुळले, खाली खेळता खेळता तमिळ शिकले. मग बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती राहिली खिशात, आणि बाबा शुद्ध आहार शिकवणाऱ्या एका गटात रविवारी सकाळी जायला लागले.

तिथून आले की ते काहीतरी बंद करायचे. आधी साखर गेली. मग पिशवीतलं दूध गेलं, त्याबरोबर दही आणि ताकही. अंडी आम्ही कधी खातच नव्हतो. एके दिवशी त्यांनी मिठाचा डबा सिंकमध्ये रिकामा केला आणि नळ सोडला. पाकिटातल्या मिठात केमिकल घालतात, ते विष आहे, असं म्हणाले. त्या जागी गुलाबी सैंधवाचे खडे आले. ज्या माणसानं जन्मात कधी मेथीची जुडी निवडली नव्हती तो आता आमच्या घरात काय शिजेल ते ठरवायला लागला. आई एकदाच म्हणाली की पोरीला दूध तरी असू द्या. बाबांनी तिला अर्धा तास समजावलं. त्यांच्या समजावण्यापेक्षा ओरडणं परवडायचं, ते लवकर संपायचं.

मी कधीपासून मंदावले ते मला नीट सांगता येत नाही. सकाळी उठवत नसे. पाढे यायचे ते अडायला लागले. बाई फळ्यावर लिहीत असताना मी पहिली ओळ उतरवेपर्यंत त्या फळा पुसून टाकायच्या. आवाज घोगरा झाला, तेव्हा प्रार्थना म्हणणाऱ्या मुलींमधून मला काढलं. केस राठ झाले. पोट साफ व्हायचं नाही. शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं की घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि तमिळ, तीन भाषांत मुलीचा गोंधळ होतोय. खरं तर तमिळ मला वर्गातल्या कितीतरी मुलींइतकंच यायचं, पण मला कोणी विचारलं नाही.

बाबांचं निदान वेगळं होतं. मी आळशी होते. अंगानं जराशी सुजल्यासारखी दिसायचे, ते त्यांना लठ्ठपण वाटायचं. म्हणून ते मला सकाळी चालवत स्टेशनवर न्यायचे आणि तिथले जिने चढायला-उतरायला लावायचे. लोक गाडी पकडायला धावत असायचे आणि मी कठड्याला धरून उभी असायचे. बाबा खालून म्हणायचे, "मनात आणलं तर जमतं." मला मनात आणता येत नाही, यात काहीतरी माझंच चुकतंय, असं मी बरीच वर्षं धरून चालले.

माझी उंची वाढत नव्हती, तर ते आईकडून आलं असं ठरलं. गणवेश दुसऱ्या वर्षीही व्यवस्थित बसला. गळ्याचा खालचा भाग भरल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या की पोरीचा गळा छान भरलाय, पुढं दागिना शोभेल. आईला ते ऐकून बरं वाटलं. त्या काळात तिला माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं फारसं ऐकायला मिळत नव्हतं.

शाळेत डोळे आणि दात तपासायला डॉक्टर आले होते. त्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे दात बघता बघता दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि मला आवंढा गिळायला सांगितला. मग पुन्हा एकदा गिळायला लावला. त्यांनी चिठ्ठी दिली, आईवडिलांना घेऊन दवाखान्यात ये म्हणाल्या. बाबांची मीटिंग होती. आई आणि मी शेअर ऑटोनं गेलो.

रक्त घेतलं, लघवी तपासली, गळ्याची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हाही बाबा नव्हते. आईला तमिळ येत नव्हतं आणि इंग्रजी बोलताना ती घाबरायची, त्यामुळे डॉक्टरीणबाई मला सांगायच्या आणि मी आईला. माझ्याच आजाराचं भाषांतर मी करत होते, तेही असं डोकं घेऊन, ज्यात शब्द उशिरा उगवायचे. गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते, तिला आयोडीन लागतं, ते मिळालं नाही की ती मोठी होत जाते आणि तरी तिचं काम होत नाही. मूल वाढत नाही, मंद होतं, त्याला थंडी वाजते. मग त्यांनी विचारलं, घरात मीठ कुठलं वापरता.

आईनं जरा अभिमानानंच सैंधव सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दूध, दही, मासे, अंडी, एकेक विचारत गेल्या आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणत गेले. आईनं मला विचारायला लावलं की आपण तर समुद्राजवळ राहतो, मग आयोडीन कमी कसं पडेल. त्या म्हणाल्या, समुद्राच्या हवेनं पोट भरत नाही. समुद्राच्या मिठातही ते जवळजवळ उरत नाही, म्हणून तर पाकिटातल्या मिठात मुद्दाम घालतात.

मग त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि आईला मान वर करायला सांगितली. पाण्याचा पेला दिला. आईनं घोट घेतला आणि मला पहिल्यांदाच दिसलं की मंगळसूत्राच्या मागं तिच्याही गळ्यात काहीतरी वर सरकून खाली आलं. ती सतत दमलेली असायची. घरात आम्ही तो तिचा स्वभावच समजत होतो.

घरातलं कोणी बाहेर जेवतं का, असंही डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. ते मी आईला सांगितलं. येताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटातलं मीठ घेतलं आणि ते पिशवीत न घालता हातात धरून आणलं.

बाबा रात्री आले. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि डॉक्टर लोकांना गोळ्याच विकायच्या असतात असं काहीतरी सुरू केलं. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"तुम्ही दुपारी कुठे जेवता?"

"कँटीनमध्ये. का?"

"तिथे कुठलं मीठ असतं?"

बाबा रिपोर्टची घडी घालायला लागले. जी माणसं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून घरी जेवत होती, डबा नेत होती, त्यांचे गळे सुजले होते. ते स्वतः रोज कंपनीच्या ताटातलं सांबार खाऊन आणि ताक पिऊन ठणठणीत होते. आई पुढं एवढंच म्हणाली, "आजपासून स्वयंपाकघरात तुम्ही बोलायचं नाही."

मीठ बदललं, दूध परत आलं, मला काही काळ गोळ्या होत्या. काही आठवड्यांत स्वेटर सुटला. डोक्यातलं धुकं विरलं आणि एके दिवशी बाईंच्या हातात डस्टर यायच्या आत माझं लिहून झालं होतं. गळ्याची सूज ओसरायला बराच वेळ लागला, माझी आणि आईचीही. पण सातवी पुन्हा करावी लागली. उंची थोडी वाढली, पुरेशी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की किती भरून निघेल ते सांगता येत नाही. जेवढं निघालं तेवढं निघालं.

बाबांनी कधी माफी मागितली नाही. ते म्हणतात, काही मुलं उशिराच वाढतात, हीसुद्धा वाढलीच असती. घरात ते आईनं रांधलेलं निमूट जेवतात आणि रविवारी जाऊन लोकांना गुलाबी मीठ सांगतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. ते छान बोलतात, संस्कृत शब्द पेरतात, केस पिकल्यापासून आणखी शोभून दिसतात.

गेल्या वर्षी सोसायटीतल्या मराठी मंडळींच्या फराळाला पुण्याहून नुकतं आलेलं एक जोडपं होतं, आयटीतलं, लहान मुलगी असलेलं. बाबा त्या बाईला दूध आणि मिठाबद्दल सांगत होते. ते दुसरीकडे वळल्यावर मी तिच्याजवळ गेले आणि माझं काय झालं ते थोडक्यात सांगितलं. तिनं मान तिरकी करून, लहान मुलांशी बोलतात तशा गोड आवाजात विचारलं, "तू कितवीत आहेस गं?"

मी तेव्हा नोकरीला लागले होते. ते मी तिला सांगितलं. ती ओशाळली, आणि त्या ओशाळण्यात माझं बाकीचं बोलणं वाहून गेलं. नंतर मी तिला माझ्या तेव्हाच्या रिपोर्टचे फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आता ती मुलगी लिफ्टमध्ये दिसते तेव्हा माझी नजर तिच्या गळ्याकडे जाते. तिच्या आईच्या ते लक्षात आलंय. ती मुलीचा हात धरते आणि तिला आपल्या पलीकडच्या बाजूला घेते.