चुना लावणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर अख्ख्या चंदगड तालुक्याला चुना लावला आहे, आणि तरीही लोक त्यांना आग्रहाने जेवायला बोलावतात. खरोखरीचा चुना, शेताला! तिकडच्या धो धो पावसात जमिनीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते आणि पीक पिवळं पडतं. हे समजावायला मामा दारोदार हिंडतात, पण सुरुवातच करतात, "पावणं, चुना लावून घेता का?" अशी. निम्मी दारं तिथंच बंद होतात! उरलेल्या दारांतले लोक तंबाखू मळता मळता हात पुढं करतात. त्यांना मामा पाऊण तास सोडत नाहीत. "त्यो चुना न्हवं ह्यो! चुनखडीची भुकटी हाय. तोंडात न्हाय, रानात घालायची!"

खिशात पेनाऐवजी माती तपासायचे, रंग बदलणारे कागद. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवामागचं रान बघून येतात आणि वरबापाला सांगतात, "सून झ्याक मिळाली, पर तुमच्या रानाला पित्त झालंय." आमच्या कळंब्याच्या घरी आले तेव्हा बायकोची तुळस कुंडीतून उपटून बसले. "जावईबापू, हितं पाऊस कमी, हितल्या मातीला चुना लागत न्हाय." गरज नसेल तिथं हा माणूस चिमूटभरही टाकायचा नाही, एवढं कबूल करायला हवं.

पण सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या भाताच्या खाचरात मामांनी घोळ घातला. उत्साहाच्या भरात चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकला. झालं! डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटला, युरियाचा कस हवेत उडून गेला आणि भात आणखीच पिवळं पडलं. सासूबाईंनी भावाशी बोलणं टाकलं. सासरे गेल्यापासून ते खाचर त्या एकट्याच कसत होत्या. मेव्हणा पुण्याहून 'विकून टाक' म्हणत होता, आणि आता त्याही हो म्हणायच्या बेतात आल्या. मामांना जेवण जाईना. शेवटी मला मध्ये घालून त्यांनी एक हंगाम मागून घेतला.

या खेपेला त्यांनी माती आधी प्रयोगशाळेत धाडली. उन्हाळ्यातच भुकटी पसरून नांगरून घेतली, आणि युरियाचं पोतं चक्क स्वतःच्या घरी कुलपात ठेवलं! मी चेष्टा करत होतो, पण दर आठवड्याला फोन करून भाताचा रंग मीही विचारत होतो. श्रावणात आम्ही तिघं बांधावर उभे राहिलो, तर खाचर हिरवंगार! सासूबाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "रान इकायचं न्हाय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मामांचे डोळे भरून आले. मग हळूच मला म्हणाले, "पर हे एकदा करून भागत न्हाय, जावईबापू. दोन-तीन वरसांनी परत माती बघाय लागती. मी हाय तवर करीन. फुडं कोण?"

सासूबाईंनी ऐकलं. पदर खोचून त्या खाचराच्या चिखलात उतरल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाकडे बघून बोलल्या, "अण्णा, मला शिकीव की."