जावेच्या परीक्षेतला पेशंट

निम्मे कपडे पिळून झाले होते, निम्मे बादलीतच होते, तेवढ्यात धाकटी जाऊ दारात उभी. म्हणाली, "ताई, चला. तुम्हाला आजारी पडायचंय."

ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. आज मुलींची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि दरवेळी पेशंट होऊन झोपणारे शिपाईकाका नेमके खरेच तापाने झोपले. मी ओले हात पदराला पुसले नि निघाले.

वाटेत तिने सगळं समजावलं. पूर्वी परीक्षक यादी घेऊन बसायचे. हात धुतले, बरोबरची खूण. नाडी पाहिली, आणखी एक खूण. जावेला ते कधीच पटलं नाही. बारा वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती. एकदा एका आजोबांचे सगळे आकडे तिने तक्त्यात चोख लिहिले, पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहिलाच नाही. डॉक्टर सहज फिरकले म्हणून आजोबा वाचले. तेव्हापासून तिला 'का?' विचारायची खोड लागली. मुली तिच्या पाठीमागे तिला काबाई म्हणतात. घरीही तेच. भावोजी म्हणतात, चहा नको म्हटलं तरी मला कारण द्यावं लागतं.

यंदा तिने हट्टाने निम्मे गुण विचार करण्याला ठेवून घेतले होते. मुलीने काय पाहिलं, त्यावरून काय ताडलं, हे तिच्याच तोंडून ऐकायचं. पहिलाच नंबर गेल्या वेळी नापास झालेल्या एका मुलीचा. कामात सावकाश, म्हणून तिचं नाव गोगलगाय. आज राहिली की वर्ष गेलं.

माझ्या कार्डावर लिहिलं होतं: परवा ऑपरेशन, आता धाप, रक्तातला ऑक्सिजन कमी. भरभर श्वास घ्यायचा, बोलायचं नाही, अशी मला ताकीद होती. पण रिकामं पडलं की माझे ओठ आपोआप देवाच्या नावाला लागतात. कधी लागले, मलाच कळलं नाही.

गोगलगाय आली. हात धुतले, कार्ड वाचलं, आणि माझ्याकडे बघतच राहिली. उशाशी ऑक्सिजनचा मास्क लटकत होता, त्याला हात लावला नाही. श्वास मोजले, नखं पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा पुन्हा घेतला. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी कागदावर फुली मारली.

जावेने विचारलं, "मास्क का नाही लावला?"

"मॅडम, कार्डावर धाप आहे, पण या काकू मघापासून न थांबता काहीतरी म्हणताहेत. धाप लागलेल्याला एक वाक्यही पुरं होत नाही. म्हणून आकडा परत घेतला. अठ्ठ्याण्णव आहे. कमी असता तर मास्क आधी, विचार नंतर."

सर म्हणाले, पेशंटच चुकला, ही परीक्षा धरता येणार नाही. मी माफी मागायला उठून बसले, तर जावेने डोळे वटारले. मग शांतपणे सरांना म्हणाली की चूक आमची, माझ्या घरच्या माणसाची. पण मुलीने कागदापेक्षा माणूस पाहिला, तेच तर तपासायचं होतं.

मग सरांनी मुलीलाच विचारलं, "आणि या काकू एकदम गप्प झाल्या तर?"

"तर मी हाक मारेन, मास्क लावेन आणि लगेच मदत बोलावेन. त्यांचं गप्प होणं जास्त वाईट."

सरांनी फुली खोडली. सावकाशपणाचे दोन गुण कापले, तरी पास. पोरगी बाहेर जाऊन रडली म्हणे. मीही मनात हात जोडले.

परतताना जाऊ म्हणाली की ताई, देवाचं नाव सोडू नका, पण पेशंट म्हणून तुम्ही नापास. उरलेल्या मुलींची परीक्षा आता उद्यावर गेली आहे. सकाळी ती कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना पेशंट म्हणून झोपायला येता का, ते विचारायला जाणार आहे.