वहीत फक्त 'वाट' लिहिलं आहे

शेळी. नदी. दोर. ढोल. म्हाताऱ्याचे दात. पुन्हा शेळी.

पिवळ्या पुठ्ठ्याच्या एका खिशातल्या वहीत माझ्या हस्ताक्षरात असे शब्द लिहिलेले आहेत, एका ओळीवर एक. घर बदलताना ती बायकोच्या हाती लागली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही काय ग्रोसरी लिस्ट आहे का? शेळी दोनदा आणायची होती?"

मी हसलो, पण ती कशाची यादी आहे हे तिला नीट सांगता येईना. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते धड माहीत नव्हतं.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मी कॅनडातल्या केंब्रिज गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला होतो. नागपूरहून इंजिनिअर होऊन, पुण्यात सात वर्षं ड्रॉइंग्ज काढून मी कॅनडात आलो आणि मोटारीच्या दाराच्या कडेला रबराची पट्टी बसवायला लागलो. तेही कायम नोकरीवर नाही, एजन्सीमार्फत. दार समोर यायचं, पट्टी दाबायची, क्लिपा ठोकायच्या, दार पुढे जायचं. एका दारावर दोन माणसं असायची. माझ्यासमोर जे उभे असायचे ते घानाचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, तिकडे जमीन मोजणीच्या खात्यात होते. सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचे, मीही मारायचो. मनात मात्र मी त्यांना काका म्हणायचो. तोंडावर म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं.

काकांना म्हणींची सवय होती. त्यांची आई म्हणे म्हणींशिवाय बोलतच नसे. काही घडलं, कुणी चिडलं, कुणाची गाडी बर्फात अडकली, की काका दाराच्या पलीकडून अर्धी म्हण टाकायचे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हनुवटी वर करायचे. ती पुरी करायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. मला कशी येणार? मग तेच पुरी करायचे. अर्थ मात्र सांगायचे नाहीत. पहिल्यांदा विचारला तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे अर्थ लहान मुलांना सांगतात. मोठ्या माणसाला सांगितला तर तो रागावतो."

मला विलक्षण आनंद झाला. कारखान्यात मला मोठा माणूस समजणारे ते एकटेच होते. मी रागावणार नव्हतो, फक्त मला काही कळत नव्हतं. कानात फोमचे बोळे, वर मशीनचा आवाज, आणि त्यांचं इंग्रजी व माझं इंग्रजी ही दोन वेगवेगळ्या गावची. मी मान डोलवायचो आणि दर वेळी एकच बोलायचो, "नाइस वन." हातमोजा काढून पेन धरायचं तर पुढचं दार यायचं, म्हणून एकच शब्द लिहायचो. घरी जाऊन बाकीचं आठवून लिहू, असं ठरवलेलं असायचं. घरी गेल्यावर पाठ टेकली की संपलं.

इथे मी त्या म्हणी देत नाही. ज्या दोन-चार आठवतात त्या मराठीत आणून पाहिल्या. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वाटतो. काकांची हनुवटी त्यात येत नाही.

त्यातून मी काय शिकलो म्हणाल, तर शेळीचंच सांगतो. एकदा सुपरवायझरने माझी नसलेली चूक माझ्यावर ढकलली. मी फुरफुरत जागेवर आलो. काकांनी शेळीची म्हण सांगितली. मला त्यातून उमगलं की शहाण्याने गप्प बसावं. मी गप्प बसलो, दोन आठवडे माझ्याच मोठेपणावर खूश होतो. मग काकांनी विचारलं, "तू त्याला अजून बोलला कसा नाहीस?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ती शेळी ओरडणारी होती. मी जाऊन बोललो. सुपरवायझरला तोवर चूक कोणती तेच आठवत नव्हतं. त्या दिवशी मी ती पुन्हा लिहिली, म्हणून शेळी दोनदा आहे.

या सगळ्याचे खरे गिऱ्हाईक माझे बाबा होते. ते नागपूरला शाळेत भूगोल शिकवायचे. रविवारी सकाळी मी फोन करायचो, तिकडे संध्याकाळ असायची. तब्येत, पाणी आलं का, बहिणीचं कसं चाललंय, एवढं झालं की विचारायचे, "काय म्हणते तुझा आफ्रिकावाला?"

मी आठवेल तशी म्हण सांगायचो, न आठवेल तिथे स्वतःची भर घालायचो. बाबा खूश. पण चौथ्या महिन्यात त्यांनी मला झापलं. "आफ्रिका म्हणजे काय आपल्या नागपूरचं धंतोली आहे का? देश कोणता, नदी कोणती, विचारून ये." तेव्हा कुठे मी काकांना विचारलं. चार महिने एका दाराच्या दोन बाजूंना उभा होतो आणि देश विचारला नव्हता.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. हळूहळू जात असाव्यात, आम्हाला एकदम कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, येऊन जा एकदा. बाबा म्हणणार नाहीत, मी म्हणते." बाबा स्वतः म्हणाले, "घाई कशाला करून राहिला? मी काय पळून चाललो?"

इकडे कारखान्यात एजन्सीच्या माणसांतून काही जणांना वसंतात पर्मनंट करणार होते. तोवर लांबची रजा घेतली की आपलं नाव मागे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पर्मनंट म्हणजे कंपनीच्या विम्यातून दातांचा डॉक्टर, औषधं, मुलीचा चष्मा. बायको म्हणाली, "आत्ता लीव्ह घेतलीस तर ते तुला कन्सिडर करतील असं मला नाही वाटत. पण मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. नंतर तू मला बोलशील." दोन्ही वाक्यं खरी होती. त्यातून मी काय घ्यायचं ते मला कळेना. मी रोज सकाळी जायचं ठरवायचो आणि संध्याकाळी थांबायचं.

शेवटी मी काकांना विचारलं. दुपारची वेळ होती, दोन दारांच्या मधे. मी बाबांचं सांगितलं, पर्मनंटचं सांगितलं, आणि म्हटलं, "यावर तुमच्याकडे काही आहे का?" औषधाच्या दुकानात विचारावं तसंच विचारलं.

काकांनी एक हातमोजा काढला. एरवीपेक्षा जास्त बोलले, म्हणजे बोलणं दोन दारं चाललं. माझ्या आठवणीत एक बाई आहे. ती चालत होती की बसली होती, ते आठवत नाही. रस्ता होता. संपल्यावर मी नेहमीसारखी मान डोलवली आणि वहीत लिहिलं, 'वाट'.

त्यानंतर काही आठवडे काकांनी म्हण सांगितली नाही. लाइनचा वेग तेव्हा वाढवला होता आणि त्यांची कंबरही दुखत होती. मला वाटलं, त्यामुळेच असेल.

म्हण विचारली त्या दिवशी घरी येऊन मी वही उघडली. 'वाट'. ती बाई चालत असेल तर निघ असा अर्थ. बसलेली असेल तर थांब. मी बराच वेळ तो शब्द न्याहाळत बसलो. वाचून वाचून त्यात काही वाढ होत नव्हती. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "आणि वाट लागली असेल तर?" तेही होतंच.

उद्या काकांना पुन्हा विचारू असं म्हटलं आणि विचारलं नाही. मोठ्या माणसाने अर्थ विचारायचा नसतो, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की ते 'जा' म्हणाले असते तर मला जावं लागलं असतं.

रविवारी बाबांनी विचारलं, "काय म्हणते आफ्रिकावाला?" मग स्वतःच दुरुस्त केलं, "घानावाला."

मी म्हटलं, "या वेळी फक्त एक शब्द लिहिला आहे. वाट."

"कोणती? चालायची का पाहायची?"

त्यांना काय विचारायचं होतं ते त्यांना कळत होतं, आणि मला ते कळतंय हेही त्यांना कळत असावं. मी म्हणालो, "पाहायची असेल, बहुतेक."

"मग पाहू," बाबा म्हणाले, आणि पाणी वेळेवर येत नसल्याचं सांगू लागले.

फेब्रुवारीत ते गेले. टोरंटोहून निघणारी विमानं वादळाने बंद पडली होती. मी पोहोचलो तो चौथा दिवस होता. सगळं बहिणीने केलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही आणि मी ते अजून विसरू शकलेलो नाही. एप्रिलमध्ये मला पर्मनंट केलं. मुलीचा चष्मा झाला.

पुढे काकांनी कंबरेमुळे काम सोडलं आणि ते ब्रॅम्पटनला मुलीकडे राहायला गेले. मीही दुसरीकडे, टेबलखुर्चीच्या नोकरीला लागलो. फोन व्हायचे, भेट होत नव्हती. वही सापडल्यानंतर मात्र माझ्या डोक्यातून तो शब्द जाईना. कधी वाटायचं, काकांनी थांब म्हटलं होतं, म्हणजे चूक त्यांची. कधी वाटायचं, जा म्हटलं होतं, म्हणजे चूक माझी. दोन्हींत मला काकांचा राग यायचा, ते कसं हे विचारू नका. पाच वर्षं झाली होती. एका शनिवारी दुपारी मी वही घेऊन ब्रॅम्पटनला गेलो.

एका प्लाझातल्या कॉफीच्या दुकानात बसलो. काका बारीक झाले होते. मी एकेक शब्द इंग्रजीत सांगत गेलो आणि ते एकेक म्हण पुरी करत गेले. या वेळी अर्थही सांगितले. म्हणाले, "तू काही मोठा होत नाहीस, सांगून टाकतो." नदीचा अर्थ मी उलटा लावला होता. ढोलाचाही. म्हाताऱ्याच्या दातांची म्हण लग्नाबद्दल होती, मी ती तब्येतीबद्दल समजून बाबांना ऐकवली होती आणि बाबांना पटलीही होती. आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं पाहू लागली.

मग 'वाट' आलं. मी म्हटलं, "आमच्या भाषेत याचे दोन अर्थ होतात. एक रस्ता. दुसरा, थांबणं, कुणी येईल म्हणून."

"कधी लिहिलंस हे?"

"वडिलांबद्दल विचारलं होतं त्या दिवशी."

काकांनी वही हातात घेतली. त्यांना ते अक्षर वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिले. म्हणाले, "त्या दिवशी मी म्हण सांगितली नव्हती. माणसाचे वडील आजारी असताना त्याला म्हण कोण सांगतं?"

"मग?"

"माझ्या आईचं सांगितलं होतं. मी इथे राहण्याचे कागद होईपर्यंत थांबलो, चार वर्षं. ती रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला स्टूल घेऊन बसायची. शेजारचे विचारायचे तर म्हणायची, गाडी याच रस्त्याने येते. मी गेलो तेव्हा त्यांनी मला ते स्टूल दाखवलं. हे मी तोवर इथे कुणाला बोललो नव्हतो."

मी मूर्खासारखं तेच विचारलं जे पाच वर्षं विचारत होतो. "म्हणजे तुम्ही मला जा म्हणत होतात?"

"मी काहीच म्हणत नव्हतो. तू वडिलांचं सांगितलंस, म्हणून मी आईचं सांगितलं."

"आणि मी काय म्हणालो?"

काका रागावलेले नव्हते. वही मिटून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"तू म्हणालास, नाइस वन."

मला रडू आलं, आणि ते कुणासाठी येतंय हे ठरवता येईना. काका उठले आणि काउंटरवरून आणखी दोन कॉफ्या घेऊन आले. माझ्या कपात तीन साखर घातलेली होती. मी तीन घेतो, हे त्यांच्या लक्षात होतं.