मी धरलेली बादली

मी भित्री आहे. हे लाजत सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. कुत्रं, वीज, वळणावर झुकणारी एसटी, अवेळी वाजणारा फोन, कशाचीही मला भीती वाटते. आणि नवरा मिळाला तो असा, की त्याला कशाचीच वाटत नाही. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो म्हणते. लिहिताना तरी तो उलट बोलत नाही.

तो पवनीला बँकेत आहे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला, तेव्हा चालायला लागला. चालता चालता पळायला लागला, मग सायकल आणली, मग वैनगंगेत पोहायला उतरला. एक दिवस जेवताना म्हणाला, या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ, मध्ये न थांबता केल्या की त्याला ट्रायथलॉन म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला खूळ म्हणतात.

पुढच्या हिवाळ्यात कुठल्याशा मोठ्या शहरातल्या स्पर्धेत त्याला जायचं होतं. त्याआधी घरच्या रस्त्यावर एकदा पूर्ण अंतर करून बघायचं, असं त्याने आणि त्याच्या एका मित्राने ठरवलं. नदीत दोन किलोमीटर पोहायचं, सायकलने भंडाऱ्याला जाऊन परत यायचं, आणि मग कोंढ्याच्या बाजूने धावत जाऊन परत, एकवीस किलोमीटर. दिवस ठरला बुद्धपौर्णिमेचा. का, तर बँकेला सुट्टी.

"मे महिन्यात?" मी विचारलं. "काहून पण?"

"या उन्हात जमलं तर कुठंही जमते," तो म्हणाला. "तू उगाच भिऊन राहिली."

उन्हाला तो हलक्यात घेत होता असं मात्र नाही. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. माझी एक जुनी सुती साडी फाडून मी आणि आमच्या लेकीने लांब पिशवी शिवली. तिच्यात बर्फ भरून ती गळ्याभोवती गुंडाळायची. टोपीखाली बर्फ, मनगटावर ओला कपडा, दर तीन किलोमीटरवर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. फ्रीजमध्ये बाटल्याच बाटल्या, भाजी बिचारी बाहेर सुकत होती. स्कुटीवर थर्माकोलचा डबा बांधून मी पुढे जाऊन थांबणार, असं ठरलं. ऊन लागू नये म्हणून मी त्याच्या खिशात कांदाही ठेवला. मी सातवीला विज्ञान शिकवते. बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, म्हणून माठातलं पाणी गार होतं, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि तरी कांदा.

माझं माहेर नाकाडोंगरीचं. आईचा मोठा भाऊ तिथे खाणीवर कामाला होता. एका उन्हाळ्यात तो भर दुपारी घरी आला, विहिरीवर गेला, थंडगार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली आणि तिथेच कोसळला. पुन्हा उठला नाही. ही गोष्ट आई दर उन्हाळ्यात आम्हाला सांगायची. त्यामुळे आमच्या घरी नियमच होता. उन्हातून आलं की आधी सावलीत बसायचं, घाम जिरू द्यायचा, मग गुळाचा खडा, मग पाणी, आणि अंगावर पाणी तर तासाभराने. हा नियम आमच्याच घरचा होता असं नाही. आमच्या भागात ज्याला त्याला विचारा, तो हेच सांगेल. उन्हात फिरणाऱ्या माणसांनी जीव वाचवायला केलेला तो नियम आहे, आणि मला तो श्वास घेण्याइतका पाठ होता.

त्या दिवशी पहाटे नवऱ्याचं डोकं नदीत एवढंसं दिसत होतं. मी घाटावर उभी राहून ते मोजत होते, म्हणजे एकच डोकं पुन्हा पुन्हा मोजत होते. तो बाहेर आला, हसला, सायकलवर बसला. भंडाऱ्याहून परत येईपर्यंत दहा वाजून गेले. मित्राच्या पोटरीत गोळे आले. तो म्हणाला, "वहिनी, मी थांबतो. याले पण थांबवा." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बूट बदलत होता. मी थांबवलं नाही. भित्र्या माणसाचं हेच असतं. सगळं आयुष्य नको नको म्हणत आलेलं असतं, त्यामुळे खऱ्या वेळेला त्याच्या नकोला कोणी किंमत देत नाही, तो स्वतःही देत नाही.

पहिल्या थांब्यावर त्याने बर्फाची पिशवी गळ्यात घातली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची सेवा उत्तम आहे." दुसऱ्या थांब्यावर काहीच बोलला नाही. तिसऱ्यापर्यंत डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. डांबरावरून उठणारी वाफ चपलेतून तळपायाला लागत होती. तो आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद आणि कोरडा होता. आतापर्यंत घामाने निथळणारा माणूस, आणि आता एक थेंब नाही. मी दंडाला हात लावला. दंड तापला होता, आणि त्यावर काटा आला होता.

"थंडी वाजून राहिली," तो म्हणाला.

मी त्याचं मनगट धरलं. "अहो, बस झालं. गाडीवर बसा."

त्याने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "शाळा सुटली काय?" त्याने विचारलं, आणि पुन्हा धावायला लागला. सरळ नाही, तिरपा. आधी रस्त्याच्या कडेला, मग कडेवरून खाली. कोंढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक विहार आहे. त्याच्यासमोर मांडव घातला होता. त्या मांडवाच्या खांबाला धरायला म्हणून त्याने हात पुढे केला आणि खांब न धरताच तो पडला.

त्या विहारासमोरून मी शेकडो वेळा गेले असेन. आत कधी गेले नव्हते. मांडवात पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहाबारा बाया होत्या. मोठ्या गंजात खीर शिजत होती, आणि एका निळ्या ड्रममध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी गुलाबी सरबत केलेलं होतं. ड्रमच्या बाजूला धानाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. हे सगळं मला नंतर आठवलं. तेव्हा मला फक्त त्याचे डोळे दिसत होते. ते उघडे होते आणि कशाकडेच बघत नव्हते.

सगळ्यांच्या आधी एक साठीची, काटक बाई धावत आली. तिच्या हातात भरलेली बादली होती. "सरका बाई," ती म्हणाली, "पानी टाकू द्या याच्या अंगावर. भट्टी झाली माणसाची."

आणि मी तिची बादली धरली.

दोन्ही हातांनी, कडीला. ती ओढत होती आणि मी सोडत नव्हते. "नको," मी ओरडले, "तापल्या अंगावर थंड पाणी नको! जीव जाईल त्यांचा!"

बादलीतलं पाणी हिंदकळून आमच्या दोघींच्या पायांवर सांडलं. ते थंड होतं. इतकं थंड, की मला बरं वाटलं. ते मी आजही विसरू शकत नाही, की मला बरं वाटलं.

"खरं हाय जी," मागून एक बाई म्हणाली. "आधी घाम जिरू द्या." दुसरी म्हणाली, "पंखा घाला, तळपायाले कांदा चोळा." कांदा होताच, त्याच्याच खिशात. मी तो दाताने फोडला आणि त्याचे मोजे ओढून तळपायांना चोळायला लागले. कोणी पदराने वारा घालत होतं. ती बादलीवाली बाई बादली खाली ठेवून उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती, तिला पटलं नव्हतं, पण नवरा माझा होता. अशा वेळी बायकोचं ऐकतात.

मी वाट बघत होते, अंग आपोआप निवेल म्हणून. ते निवत नव्हतं. त्याचं कपाळ आधीपेक्षा जास्त भाजत होतं. मग त्याचे पाय झटके द्यायला लागले, जबडा आवळला, तोंडातून फेस आला.  मी देवाला हाक मारली, आईला हाक मारली. एका मुलीने फोन माझ्या कानाला लावला तेव्हा कळलं, की तिने रुग्णवाहिकेला फोन केला होता. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या.

"शुद्धीवर आहेत?"

"नाही."

"अंगावर पाणी टाकलं का?"

"नाही, तापलं आहे ना अंग, म्हणून..."

"अहो ताई, म्हणूनच टाकायचं! आत्ता टाका! बर्फ आहे? काखेत, मानेला, जांघेत लावा. जेवढं पाणी असेल तेवढं ओता, गाडी येईपर्यंत थांबू नका!"

मी तोंड वर केलं.  त्या बाईने बादली उचललेलीच होती.

मग जे झालं ते बायकांनी केलं. एकीने दगडाने लादी फोडली, भुसा लागलेले बर्फाचे तुकडे त्याच्या काखेत आणि मानेखाली कोंबले. मांडवातल्या पिंपातलं पाणी संपलं. हातपंपाचं येईपर्यंत कोणीतरी सरबताचा ड्रमच आडवा केला. गुलाबी सरबत त्याच्या छातीवरून, केसांतून वाहत होतं. पांढऱ्या साड्या गुलाबी झाल्या. गाडी आली तेव्हा उतरलेला माणूस पहिल्यांदा दचकला, त्याला ते रक्त वाटलं. तोपर्यंत नवऱ्याने एकदा कण्हून मान हलवली होती. तो जिवंत आहे एवढंच मला कळलं.

भंडाऱ्याहून त्याला नागपूरला हलवलं. लघवी काळ्या चहासारखी होत होती. तापाने स्नायू वितळून मूत्रपिंडांत अडकले, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून फोन चाळत होते. तो पडल्या पडल्या मी घाबरून मित्राला फोन लावला होता, त्याने उचलला नव्हता, त्याची वेळ त्यात होती. रुग्णवाहिकेच्या फोनची वेळ त्या मुलीने नंतर मला सांगितली. मध्ये अकरा मिनिटं होती. मी डॉक्टरांना मामाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "त्यांना पाण्याने नाही मारलं, उन्हाने मारलं. विहिरीवर पोचले तेव्हाच फार उशीर झाला असेल." मग म्हणाले, "यांना आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं." त्यांना मी अकरा मिनिटांचं सांगितलं नाही.

कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नदीनंतरचं काही आठवत नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, "ही होती म्हणून वाचलो." नातेवाईक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी चहा टाकायला उठायचे. आता मला कुत्र्याची, विजेची भीती वाटेनाशी झाली होती. आता एकच भीती होती, की त्याला कळेल.

पावसाळा संपताना तो म्हणाला, त्या बायांना भेटायला जाऊ. मी खूप टाळलं. शेवटी गेलो. बादलीवाली बाई धानाच्या बांधीत वाकून निंदणाचं तण उपटत होती. चिखलाचे हात पुसत बांधावर आली. नवरा तिच्या पाया पडायला वाकला, तिने अर्ध्यातच त्याचे खांदे धरले.

"मावशी, मी पडलो तेव्हा काय झालं, मले नीट सांगा न," तो म्हणाला. "लगेच पाणी टाकलं होतं काय तुम्ही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"टाकलं न बाबू, लगेच टाकलं," ती म्हणाली. "तुह्या बायकोनं अन् मीनं, दोघीनं धरली होती बादली."

परतताना विहाराच्या पुढे मी त्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. बादलीची कडी, कांदा, अकरा मिनिटं, पायांवर सांडलेलं पाणी.  तो चिडेल, किंवा काहीच न बोलता गाडी चालू करेल, किंवा घरी जाऊन बोलणं सोडेल, या सगळ्याची मी तयारी केली होती.

त्याने गाडीची किल्ली काढून खिशात ठेवली. मग म्हणाला, "तू पडली असती, तर मी पण धरली असती. माह्या मायनं पण हेच शिकवलं."

त्याने मला माफ केलं असं हे ऐकून कोणालाही वाटेल. त्यालाही तसंच वाटलं असावं, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण मी तिथे उन्हात उभी राहून, तो महिनाभर त्या नदीच्या रस्त्यावर सराव करत होता तेव्हाचे दिवस आठवत होते. त्याच्या मागे स्कुटीवर माझ्याबरोबर कधी कधी आमची लेकही असायची, भर उन्हात. ऊन लागून ती पडली असती, तर पाणी अडवायला बादलीच्या कडीला आम्ही दोघांनी मिळून हात घातला असता.