थोरा एकटी उभी राहिली तेव्हा

विनिपेगच्या विधानसभेच्या भिंतींत फार जुन्या समुद्रातले शंख दगड होऊन राहिले आहेत. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी थोरा ब्यार्नासन सगळे आत गेले तरी त्या भिंतीवरून बोट फिरवत उभी होती. मी तिची शेजारीण. टपाल आणि फोन सांभाळायला तिने मला गावाहून बरोबर आणलं होतं.

"एल्वा, आपण तळाशी आलोय बघ," ती हळूच म्हणाली. "वरून होड्या जात असतील."

नवरा गेल्यावरही तिने आमच्या गावच्या सरोवरावरची मासेमारी सोडली नव्हती. कुणाची होडी परतली नाही की शोधायला पहिली तीच निघायची. लोकांनी मतं दिली ती त्यासाठी. भाषण तिला कधीच जमलं नाही.

सभागृहात ती अर्धी जागी, अर्धी कुठेतरी असायची. उंच खिडक्यांतून हिवाळ्याचा पातळ उजेड उतरायचा आणि मंत्र्यांचे आवाज तिला पाण्यातून आल्यासारखे ऐकू यायचे.

"आज काय झालं गं?" मी विचारायचे.

"ओठ हलत होते. छान हलत होते."

दुसऱ्या हिवाळ्यात सरकारने आमच्या किनाऱ्यावरचे तीन छोटे दवाखाने बंद करायचं विधेयक आणलं. सरकार तिच्याच पक्षाचं, आणि बहुमत एकाच मताचं. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी थोराच्या नवऱ्याचे शेवटचे महिने सुसह्य केले होते. रोज बर्फ तुडवत घरी यायच्या त्या.

मतदानाच्या सकाळी मुख्यमंत्री गॉर्डन लिंडक्विस्ट तिला गाठायला आले. उंच, थकलेला, मनाचा चांगला माणूस.

"थोरा, आज आपल्या बाजूने उभी राहशील ना?"

"गॉर्डन, तुम्ही कधी आमच्याकडे जानेवारीत आलायत?"

"जूनमध्ये आलो होतो."

"जूनमध्ये कुणीही येतं."

ते हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "पक्ष तुला पुन्हा तिकीट देणार नाही. माझ्या हातात राहणार नाही ते."

"ठाऊक आहे मला."

मी वरच्या गॅलरीत होते. होकाराला सरकारचे सगळे सभासद उभे राहिले, आणि त्यांच्या मधोमध थोरा बसून राहिली, स्वप्नात असल्यासारखी, डोळे खिडकीकडे. मला वाटलं, हिच्या लक्षातच आलं नाही. मग सभापतींनी विरोधातल्यांना उभं राहायला सांगितलं. समोरची बाकं उभी राहिली आणि आमच्या बाजूला एकटी थोरा उठली, सावकाश, एक हात बाकावर टेकवून. लिपिकाने तिचं नाव पुकारलं. विधेयक एका मताने पडलं.

तिकीट गेलं. पुढच्या निवडणुकीआधीच आम्ही सामान बांधून गावी परतलो. त्याच निवडणुकीत लिंडक्विस्टांचं सरकारही गेलं.

तीन वर्षांनी, जानेवारीतच, एक गाडी तिच्या दारात थांबली. लिंडक्विस्ट एकटेच उतरले. थोराने पॅनकेक केले, कॉफी ओतली. आम्ही तिघंही बाहेरच्या पांढऱ्या उजेडाकडे तोंड करून बसलो.

"त्या दिवशी फार राग आला होता तुझा," ते म्हणाले.

"अजून आहे?"

"थोडा आहे."

"राहू दे मग," थोरा म्हणाली, आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक पॅनकेक वाढला.