कामरगावच्या बाईचं स्वप्न

आमच्या गावात मला सगळे आशाताई म्हणतात. माझं नाव वेगळंच आहे, पण ते आता माझ्या नवऱ्यालाही आठवून घ्यावं लागतं. अनसिंगजवळचं हे गाव आणि ओढ्यापलीकडची वस्ती, आशा सेविका म्हणून एवढं माझं राज्य. गोळ्या वाटायच्या, बाळंतिणींच्या घरी जायचं, आणि कोरोना आल्यापासून आणखी एक काम गळ्यात पडलं होतं, अफवा मोडून काढायचं. ते मला झकास जमायचं. जीभ मुळातच तिखट. लस घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो असं कोणी पारावर सांगू लागलं की मी म्हणायची, "म्या घेतली. दोन वर्सानं याच पारावर भेटू."

आजार ओसरला, तोंडावरचे रुमाल उतरले, आणि एका दुपारी ते स्वप्न गावात आलं. कामरगावच्या कोण्या बाईच्या स्वप्नात म्हणे देवी आली. म्हणाली, आजार गेला नाही, दडून बसलाय. येत्या अमावस्येच्या आत भावानं बहिणीच्या हातात पाच हिरव्या बांगड्या भराव्यात, नाहीतर तो भावावर उलटेल.

तुरीला फुलं आली होती. शेतं पिवळी, ऊन पिवळं, आणि दुपार अशी की जागं असूनही आपण झोपेतच चालतोय असं वाटावं. त्या उन्हातून मी घरोघर फिरले. स्वप्न पडलेली बाई मला दाखवा, म्हटलं. कामरगावात माझ्यासारखंच काम करणारी एक मैत्रीण आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "आमच्याइथं तं अनसिंगच्या बाईले सपन पडलं म्हनतात." मी हे हसत हसत सगळ्यांना सांगितलं. बायकाही हसल्या, आणि हसता हसता भावांना फोन लावायला घरात गेल्या.

मग भाऊ येऊ लागले. मोटारसायकलवर, जीपला लटकून, कागदात बांधलेली पुडकी खिशात सांभाळत. ज्या बायकांना भाऊ आहे हे मला ठाऊक नव्हतं त्यांचेही आले. बांगड्यावालीकडचा हिरवा रंग दोन दिवसांत संपला. दुपारी जरा पाठ टेकली की कानावर किणकिण यायची, शेजारून, मागच्या आळीतून, हापशावरून. अर्धवट झोपेत मला ती कामरगावची बाई दिसायची. केस मोकळे, हात रिकामे, उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत असलेली. ती कोणाची वाट बघतेय हे मी तिला कधी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. लॉकडाऊनमध्ये तो पुण्याहून निघाला, काही चालत, काही ट्रकवर, आणि वस्तीवर आईजवळ जायचं म्हणून आला. बाहेरून आलेल्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं असा नियम होता, आणि माझ्या गावात नियम म्हणजे मी. त्याला मीच शाळेच्या खोलीत ठेवलं. आईला आधीपासून दम्याचा त्रास, त्या दिवसांत तो फार वाढला होता. रोज संध्याकाळी मी खिडकीशी जायची आणि तो विचारायचा, "बाई, आई कशी हाय?" मी सांगायची, "बरी हाय. आज भाकर खाल्ली तिनं." तिनं पाणीही घेणं सोडलं होतं. खरं सांगितलं असतं तर तो भिंतीवरून उडी मारून गेला असता, आणि त्याला बघून आईला बरं वाटलं असतं. दहाव्या दिवशी चार माणसं तिला शाळेवरून घेऊन गेली. ते त्यानं खिडकीतून पाहिलं. तेरावं झाल्यावर तो बायकोच्या माहेरी, किन्हीराजाला, निघून गेला. दोन भाऊबिजा मी ओवाळणीचं ताट मांडलं आणि तसंच उचलून ठेवलं. त्यातली दुसरी नुकतीच गेली होती.

त्याची मावससासू आमच्याच आळीत राहते. रोज दुपारी ओट्यावर बसून ती किन्हीराजाला फोन लावते. तिनं मला हाक मारली. "आशाताई, पोट्टे हसून राह्यले, बाया घाबरून राह्यल्या. तुमी कधी खोटं सांगत नाई. खरं हाय का हे?"

मी पिशवी खाली ठेवली. ऊन डोळ्यांवर येत होतं. "खरं असंन," मी म्हणाले. आणि मग माझ्याच आवाजात आणखी एक वाक्य ऐकू आलं. "पन भावानं सोताच्या हातानं भरा लागते. कोनाजवळ पाठवून चालत नाई."

दुसऱ्या दिवशी हापशावर एक बाई मला समजावून सांगत होती की पाठवून चालत नाही, कामरगावच्या बाईला देवीनं तसं बजावलंय. मला हसू आलं. इतकी वर्षं अफवा मोडत फिरले, पण ती वाढते कशी हे मला त्या हापशावर कळलं. जो तो तिच्यात आपल्या घरचं काहीतरी घालून पुढे देतो.

अमावस्येच्या आदल्या दिवशी भर दुपारी तो आला. चपला ओट्यावर काढल्या, आत येऊन माझ्यासमोर खाली बसला. कानाजवळचे केस पिकले होते. एवढासा होता तो, मीच कडेवर घेऊन फिरवलेला. खिशातून पुडकं काढलं आणि म्हणाला, "हात दे."

पोती उचलणारी ती बोटं, बांगडी भरणं त्याला कुठून येणार. तरी एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

"बाई," तो मान खाली घालून म्हणाला, "हे खरं हाय नं? मावशी म्हने, तुवा सांगतलं. मले तीन दिसापासून झोप नाई. मायं लेकरू लहान हाय."

दोनच बांगड्या उरल्या होत्या. गप्प बसले असते तर भागलं असतं. पण माझ्या भावाला मी भीती घातली होती, आणि ती घेऊन तो माझ्या दारी आला होता.

"खोटं हाय," मी म्हणाले. "म्याच त्यात भर घातली. तू यावा म्हून."

त्याचा हात थांबला.

"आईनं भाकर खाल्ली म्हने," तो म्हणाला. "तसंच?"

"तसंच," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

बाहेर कोणाच्या तरी घरी बांगड्या वाजत होत्या. आता त्याला कसली भीती नव्हती, म्हणजे थांबायचं कारणही नव्हतं. त्यानं कागदातल्या त्या दोन बांगड्यांकडे पाहिलं. मग त्यातली एक उचलली आणि माझी बोटं मुठीत धरली.

"हात ढिला सोड, बाई," तो म्हणाला. "लागंन तुले."